भिंगरीच्या खिशातली जांभळी नळी

दुरुस्तीवाल्याच्या घरात एखादी अनोळखी वस्तू सापडली की तिचं पुढे काय होणार, हे ठरलेलंच असतं. ती आधी हलवून पाहिली जाते, मग कानाशी धरली जाते, आणि कोणी ‘अहो, राहू द्या’ म्हणेपर्यंत तिचे स्क्रू टेबलावर आलेले असतात! आपल्या गोष्टीतल्या गृहस्थांचं दुकान तळमजल्यावर आणि घर तिसऱ्या मजल्यावर. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, सगळ्यांची नाडी त्यांना कळते. घरातल्या माणसांचं मात्र तसं नव्हतं.

शनिवारी लेक क्लासला गेली होती. बायकोने तिचा गणवेश धुवायला काढला, सवयीने खिसे तपासले आणि एक जांभळी, बोटभर लांबीची गुळगुळीत नळी घेऊन ती खाली दुकानात आली.

“अहो, हे काय असेल हो?”

“बघू.” त्यांनी नळी हुंगली. स्ट्रॉबेरीचा वास आला. “काहीतरी सुवासिक प्रकार दिसतोय. हल्ली खोडरबरांनाही वास असतो. पण बंद पडलंय बिचारं.”

मग काय, उघडली! आत इवलीशी बॅटरी, तारेचं वेटोळं आणि ओला कापूस. हे वेटोळं कशाला तापत असेल, याचं त्यांना भारी कुतूहल वाटलं. एक तार निसटली होती, ती डाग देऊन जोडली. निळा दिवा लुकलुकला तसे ते लहान मुलासारखे खूश झाले. नळी त्यांनी लेकीच्या टेबलावर ठेवली आणि खाली चिठ्ठी लिहिली: ‘दुरुस्त झालंय. बाबा.’

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी म्हणून ती कधी ठरायची नाही. पण त्या दिवसापासून ती गप्प झाली. चिठ्ठीबद्दल चकार शब्द नाही, बापाच्या नजरेला नजर नाही. पोरीने साधं ‘थँक्यू’ही म्हणू नये, याचं त्यांना वाईट वाटलं.

सोमवारी रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन सिस्टर आल्या. चाळीस वर्षं रुग्णालयात काढून निवृत्त झालेल्या बाई. मशीन उघडता उघडता गृहस्थांनी सिस्टरांना नळीची हकीकत सांगितली आणि कागदावर चित्रही काढून दाखवलं.

“भाऊ,” सिस्टर चष्मा काढत म्हणाल्या, “तुम्ही व्हेप दुरुस्त करून दिलंत?”

“म्हणजे?”

“ई-सिगारेट हो! त्या कापसातलं रसायन तापतं आणि पोरं ती वाफ ओढतात. वास फळाचा, पण त्यात बहुतेक वेळा निकोटीन असतं. पंधरा वर्षांच्या मेंदूला त्याची चटक फार लवकर लागते.”

त्यांच्या हातून स्क्रूड्रायव्हर गळून पडला. मग ते ताडकन उठले. “वर जातो आणि आधी कानाखाली जाळ काढतो! शाळा बंद, मैत्रिणी बंद!”

“खाली बसा. मघाशी मी मशीन आणलं, तेव्हा पहिलं काय विचारलंत मला?”

“कधीपासून असं करतंय, म्हणून.”

“कोणी पाडलं, असं का नाही विचारलंत?”

“कसं विचारणार? तसं विचारलं की गिऱ्हाईक खोटं बोलतं. मग खरा बिघाड सापडतच…” ते बोलता बोलता थांबले.

“गिऱ्हाइकाला एवढा मान देता,” सिस्टर म्हणाल्या, “तेवढाच लेकीलाही द्या की!”

संध्याकाळी त्यांनी भिंगरीला दुकानात बोलावलं. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसवलं. आई दाराशी ओठ आवळून उभी होती. तिला खूप काही बोलायचं होतं, पण नवऱ्याने हात जोडून दहा मिनिटं मागून घेतली होती.

“कधीपासून, बाळा?”

भिंगरीने खालचा ओठ चावला. “तुम्हाला सगळं माहीत होतं ना? म्हणून चिठ्ठी ठेवलीत. मला पकडायला.”

“नाही गं! मला खोडरबरासारखं काहीतरी वाटलं. तुझा बाप अडाणी निघाला.”

ती खुदकन हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

“चार महिने. नवीन वर्गात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. बाथरूममध्ये त्या मुली ओढायच्या. मी एकदा ओढली आणि त्यांनी मला जागा दिली. नुसती वाफ असते म्हणाल्या. आता दुसऱ्या तासालाच हात थरथरतात. जिना चढताना धाप लागते.”

चार महिने पोरगी दुसऱ्या मजल्यावर थांबून कठडा धरत होती, आणि बापाला वाटत होतं, नवे बूट चावत असतील!

“सोडावंसं वाटतं का?”

“सोडली होती,” ती हुंदका गिळत म्हणाली. “ती बंद पडली, तेव्हाच ठरवलं होतं की आता पुन्हा नाही. चार दिवस राहिले होते मी, बाबा. चार दिवस! आणि मग टेबलावर तो निळा दिवा लागलेला…”

आई पुढे आली आणि तिने लेकीचं डोकं पोटाशी धरलं. ओरडायचे सगळे शब्द ती विसरून गेली होती.

“चूक माझीही आहे,” बाबा म्हणाले. “वस्तू उघडून पाहिली, तुला विचारलं नाही.”

भिंगरीने खिशातून नळी काढून टेबलावर ठेवली, तसा त्यांनी स्क्रूड्रायव्हर लेकीच्या हातात दिला. जोडलेली तार तिने स्वतः तोडली. दुसऱ्या दिवशी तिघंही सिस्टरांच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

एवढ्यावर सगळं गोड झालं असं सांगितलं, तर ती थाप होईल. भिंगरी चिडचिड करायची, रात्री झोपायची नाही. तिसऱ्या आठवड्यात ती शाळेतून आली ती दप्तरासकट थेट दुकानात. न बोलावता स्टुलावर बसली.

“बाबा, आज एकदा ओढली. मधल्या सुट्टीत.”

हातातला पंखा त्यांनी बाजूला ठेवला. आवाज चढवला नाही. “बरं केलंस सांगितलंस. ओढण्याआधी काय झालं होतं?”

आणि ती सांगू लागली.

पालकहो, मुलांचे खिसे जरूर तपासा. हल्ली कसल्या कसल्या वस्तू निघाल्या आहेत, तेही समजून घ्या. पण खिशात काही सापडलं तर ‘हे कोणी शिकवलं?’ असं दरडावण्याआधी ‘कधीपासून गं? कशामुळे?’ असं विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत गप्प राहा. मारामुळे मूल फक्त लपवायला शिकतं. चुकल्यावर ज्या घरात येऊन सांगता येतं, त्या घरातलं मूल सावरतं. आपल्याकडेही असं एखादं स्टूल रिकामं ठेवा!