ओवाळणीतले पन्नास डॉलर

मी पन्नास डॉलरचं कार्ड बोलतोय. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. आता सुधारेन असंही वाटत नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. टेक्सासमधल्या एका मोठ्या दुकानात, बिस्किटं आणि बॅटऱ्यांच्या मधल्या खुंटीवर मी टांगलेला होतो. अंगावर चकचकीत निळा रंग, पाठीवर चंदेरी पट्टा. पट्टा खरवडला की खाली लपलेला आकडा दिसतो. तो गेमच्या ऑनलाइन दुकानात टाकायचा, की माझ्या किमतीचे गेम घेता येतात. शेजारच्या खुंटीवर शंभर डॉलरवाला होता. गिऱ्हाईक त्याच्याकडे वळलं की माझा जळफळाट व्हायचा.

मला उचललं अमरेशने. हा मूळचा लातूरचा, नोकरीसाठी तिकडे गेलेला, सहा वर्षांत दोनदाच घरी आलेला. नुसते पैसे पाठवणं सोपं होतं, पण बहिणीच्या ताटात हातात धरता येईल असं काहीतरी पडावं, अशी त्याची इच्छा. दिवाळीला गावी निघालेल्या भोकरच्या मित्राच्या बॅगेत त्याने मला सारलं. आपली निवड झाली, या तोऱ्यात मी अख्खा प्रवास फुगून बसलो होतो.

भाऊबीजेच्या संध्याकाळी लातूरच्या घरात सुकन्याने पाटावर तांब्या ठेवला आणि त्याला मोबाइल टेकवून उभा केला. सुकन्या म्हणजे अमरेशची धाकटी बहीण, नांदेडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. पडद्यावर अमरेश टोपी घालून बसला होता. तिकडे तेव्हा सकाळ. तिने मोबाइललाच ओवाळलं.

"अमर, तुझ्या वतीनं मीच टाकते रं ओवाळणी," आई तारामतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला ताम्हणात ठेवलं, सुपारीशेजारी. त्यांच्या बोटाचं कुंकू माझ्या कोपऱ्याला लागलं.

सुकन्याने मला उलटसुलट करून पाहिलं. "अण्णा, ह्याच्यात तो होडीचा गेम घेते. पण तू बी घे. दोघांनी खेळायचा हाय तो."

त्या गेममध्ये एकाने डावं वल्हं मारायचं, दुसऱ्याने उजवं. एकट्याने खेळलं तर होडी जागच्या जागी गरगरते. लहानपणी ही भावंडं एकाच कंट्रोलरसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटायची म्हणे.

"बघू गं, येळ भेटला की," अमरेश म्हणाला. हे 'बघू' तीन वर्षं चाललं होतं. सुकन्याचा चेहरा उतरला. तिला गेमपेक्षा भाऊ हवा होता, हे मलासुद्धा कळलं, त्याला नाही कळलं.

त्याच रात्री जेवणाआधी तिने माझा पट्टा खरवडून आकडा टाकला. उत्तर आलं, 'हे कार्ड तुमच्या देशात चालत नाही.' तिने तीनदा टाकला, तीनदा तेच उत्तर. सात समुद्र ओलांडून आलो आणि दारातच अडवला गेलो!

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गंजगोलाईतल्या शेषेरावच्या मोबाइल दुकानात गेली. त्याने मला उजेडात धरलं.

"ताई, अमेरिकेचं कार्ड अमेरिकेच्याच खात्यावर चालतंय. तुमच्या खात्याचा देश बदला, तिकडचा पत्ता टाका, झालं काम. पण तुमचा गेम तिकडं चाळीस डॉलरला हाय. इथं नऊशे एकोणपन्नास."

"तोच गेम?"

"तोच. होडी बी तीच, नदी बी तीच. देश बघून भाव लावतेत कंपन्या."

मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो. बदल बाई पत्ता, चाळीस तर चाळीस!

"पत्ता न्हाई बदलत," सुकन्या म्हणाली. "एक जण तिकडं गेला तेवढं लई झालं."

तिने इथला हजार रुपयांचा कोड मागितला. शेषेरावने बिलाच्या मशीनमधून एक चिठ्ठी टर्रकन फाडून दिली. काय ते रूप! ना रंग, ना पट्टा, कडा कुरतडल्यासारखी. माझी किंमत चार हजारांच्या वर, हिची जेमतेम हजार. आणि ती मिनिटभरात चालली. होडी आली, नदी आली, वर एक्कावन्न रुपये शिल्लक राहिले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सुकन्याने आम्हा दोघांना मोबाइलच्या कव्हरमध्ये पाठीला पाठ लावून ठेवलं आणि नांदेड गाठलं. तिथल्या खोलीवर ती संध्याकाळी एकटीच खेळायला बसली. होडी गरगर फिरत राहिली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. घे म्हटलं, घे स्वस्तातला गेम! पण सुकन्या कंट्रोलर बाजूला ठेवून रडायला लागली, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

तिने आईला फोन केला. "हे कार्ड अण्णालाच देऊन टाकू का? इथं काही कामाचं न्हाई."

"येडी का काय? ओवाळणी कुणी परत देत असतंय का?"

झालं. आता मी जन्मभर असाच पडून राहणार, अशी मनाची तयारी केली.

रविवारी सकाळी मात्र तिने मला बाहेर काढून अमरेशला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे शनिवारची संध्याकाळ.

"अण्णा, आकडा लिहून घे. होडी घे ह्याच्यात."

"अगं, ती तुझी ओवाळणी हाय!"

"माझी हाय ना? मग मी म्हणते तशी वापरायची. मला होडीत डाव्या बाजूला माणूस पाहिजे."

त्याने तिकडच्या ऑनलाइन दुकानात होडीचा भाव पाहिला. मग हळूच म्हणाला, "तुला केवढ्याला पडला?"

"साडेनऊशेला."

"आयला! अन् मला चाळीस डॉलर? ह्यो काय न्याय हाय?"

जळणारा दुसरा कुणीतरी भेटला म्हणून मला केवढं बरं वाटलं! "बघू, उद्या..." तो म्हणायला लागला.

"बघू न्हाई. आत्ता."

माझा आकडा या वेळी पहिल्याच फटक्यात चालला. पाच मिनिटांत दोघं होडीत होती. "डावं मार, डावं!" "मारायलोय की!" होडी काठावर आदळली आणि दोघंही इतकी हसली की खालच्या मजल्यावरच्या बाई बघायला आल्या.

संध्याकाळी आईचा फोन आला. "दिलीस का शेवटी परत?"

"न्हाई आई. वापरली."

होडीचे चाळीस गेले, उरलेले दहा अमरेशच्या खात्यात जमा झाले, आता माझ्यात एक डॉलरही उरला नाही. दर रविवारी कव्हरमधून त्यांची भांडणं ऐकतो. त्या चिठ्ठीवरची शाई उडाली, कोरी झाली बया, तरी सुकन्या तिला टाकत नाही. सुकन्ये, एकच मागणं आहे. कव्हर बदलशील तेव्हा तिला खुशाल ठेव, पण मला वरच्या बाजूला ठेव. पहिल्या फटक्यात चालली असेल ती, पण कुंकू माझ्या अंगाला लागलंय.