सीटखालचं बटण

"पाडली! परत बंद पाडली यानं!" गेटातून पुनीत ओरडत आला आणि मगनचे कान तापले. बॅटरीवरची पांढरी गाडी ऐन वाटेत ठप्प झाली होती. मागच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्या साड्या सावरत खाली उतरत होत्या.

जळगावातल्या आपल्या लग्नाच्या लॉनसाठी पुनीतनं गोल्फच्या मैदानावरची ही जुनी गाडी मोठ्या हौसेनं आणली होती. गेटापासून मांडवापर्यंत म्हाताऱ्याकोताऱ्यांना नेऊन सोडायचं, एवढंच तिचं काम. चालवायला चोपड्याकडचा मगन. मगनचे केस पिकलेले, पण पुनीत त्याला एकेरीत हाक मारी. मगन मात्र त्या कालच्या पोराला 'पुनीतभाऊ' म्हणे.

"संध्याकाळी माझ्या बहिणीचं लग्न आहे, मगन. तेव्हा ही बंद पडली तर उद्यापासून तोंड दाखवू नकोस!"

मगननं राग गिळला, पण आता तो पोटात राहीना. बॅटऱ्या बदलल्या, चार्जर बदलला, वायरी बदलल्या. मेकॅनिक हनीफनं चालवली की गाडी गुणाची. केटरिंगची पातेली वाहायला कधी कुरकुर नाही. नेमके पुनीतभाऊ दिसले की मेली हिची वाचा बसते! यंत्रानंसुद्धा मालकाचीच बाजू घ्यावी?

दुपारी हनीफ शेजारी येऊन बसला. "चालवा मगनभाऊ. आज हिची खोड मोडतोच."

"मनी काय चूक शे, तेवढं सांग," मगन आपल्या अहिराणीत म्हणाला.

गाडी सुरळीत निघाली. तेवढ्यात पुनीतचे आजोबा, भिकमचंदशेठ, काठी टेकत ऑफिसातून बाहेर आले. मगनचा हात आपसूक कपाळाकडे गेला, मान झुकली, तो सीटवरून अर्धा उठला, आणि गाडी थांबली.

हनीफनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे भाऊ, उठता कशाला? सीटखाली बटण आहे. वजन उचललं की करंट बंद. ड्रायव्हर उतरल्यावर गाडी पळू नये म्हणून."

मगन बसला, गाडी चालली. अर्धा उठला, थांबली. पुन्हा बसला आणि बसूनच राहिला. जन्मभर तो माणसं पाहून उठत आला होता. पुनीत दिसला की उठायचं, उठलं की गाडी बंद, आणि बंद पडली म्हणून त्याच पुनीतच्या शिव्या खायच्या. त्याला भयंकर संताप आला. पुनीतचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या गुडघ्यांचा.

हनीफनं सगळं सांगितल्यावर पुनीत हसला. "एवढंच? मग ते बटण काढून टाक. डायरेक्ट कर."

"धोक्याचं आहे, पुनीतभाऊ. लग्नात लेकरं असतात. कुणी चढून पायानं पेडल दाबलं तर गाडी मांडवात घुसेल."

"मग दादाजी समोर आले तरी हा बसून राहणार? चार लोकांत बरं दिसतं का ते?"

"बटनले हात लावू नको, हनीफ," मगन म्हणाला. मग तो पुनीतकडे वळला. "लेकरं मरतीन तरी चालस, पन मी उठाले पाहिजे? नही उठनार मी आते!"

"उद्यापासून येऊ नकोस," पुनीत म्हणाला.

"उद्यानं उद्या देखू. आज गाडी मी चालवस."

आयत्या वेळी दुसरा ड्रायव्हर कुठून मिळणार? पुनीत दात खात निघून गेला.

संध्याकाळी नातीच्या लग्नासाठी फेटा बांधून भिकमचंदशेठ गेटाशी उभे होते. शेजारी पुनीत, मागे सोयरे. मगननं गाडी त्यांच्यापुढे आणून उभी केली. गुडघे सवयीनं सरळ व्हायला लागलेच होते. त्यानं डाव्या हातानं सीटची कड घट्ट धरली.

"बसा, शेठ," तो बसल्या बसल्या म्हणाला.

शेठनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग काठी आत ठेवून चढले.

गाडी कुठेही न थांबता मांडवापर्यंत गेली. शेठ उतरले, माणसांत मिसळले. मगनची बोटं मात्र सीटची कड सोडायला तयार नव्हती.