रिबाउंडची अकरा वाक्यं

शाळेतल्या बाईंनी मुलीची इंग्रजीची वही तिच्या आईसमोर फिरवली आणि पानावर बोट ठेवलं.

"तीन महिन्यांत नऊच शब्द झालेत. घरी कोण घेतं अभ्यास? जरा लक्ष घाला."

अभ्यास आईचे वडील घ्यायचे. बास्केटबॉलचे निवृत्त प्रशिक्षक. रोज संध्याकाळी नातीला खेळातला एक इंग्रजी शब्द द्यायचे, मैदानावर तो कसा दिसतो ते दाखवायचे आणि तिच्याकडून वाक्य करून घ्यायचे. लेकीचं इंग्रजीही त्यांनी असंच घडवलं होतं. त्याच जोरावर तिने कॉलेजात वादविवादाची बक्षिसं आणली होती. म्हणून ती हसली. म्हणाली, बाबा पाया पक्का करून घेतात, घाई नाही करत. बाईंनी वही मिटली.

एरवी काळजीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलगी दोनदा शिंकली की कपाळाला हात लावून बघणं, व्हॅनला पाच मिनिटं उशीर झाला की फोन. नवरा म्हणायचा, काळजीला काही उरलं नाही तर हिला त्याचीच काळजी लागेल. वडिलांकडे मात्र तिने कधी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. बाबा म्हणजे बाबा.

पंधरा दिवसांनी ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. वडिलांनी ढिगातून मोज्यांचा गोळा उचलला, भिंतीवर मारला आणि परत येताना झेलला.

"तर कॅप्टन, आजचा नवा शब्द. रिबाउंड."

"म्हणजे काय, आजोबा?" मुलीने डोळे मोठे केले.

"रिंगवर आपटून आलेला चेंडू. तो उंच माणसाला नाही, जागा न सोडणाऱ्याला मिळतो. नाहीतर मी साडेपाच फुटी, मला कोण घेत होतं?"

मुलगी खळखळून हसली. आईच्या हातातली घडी तशीच राहिली. कालही हेच मोजे होते, हाच विनोद, हेच हसू.

वडील फिरायला गेल्यावर तिने वही ओढून घेतली. रिबाउंड. तीन पानांनंतर पुन्हा रिबाउंड. अकरा वेळा. अकराही वाक्यं वेगळी, आणि प्रत्येकाखाली वडिलांचं लाल 'शाब्बास', दर वेळी थोडं अधिक वाकडं.

"तुला माहीत होतं?"

मुलगी पेन्सिलीला टोक काढत होती.

"एकदा मी म्हटलं, आजोबा, हा झालाय. ते वहीकडे बघतच राहिले. मग जेवलेपण नाहीत. म्हणून मी रोज नवीन वाक्य करते. जुनं केलं तर त्यांना कळेल ना."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काळजी करतेस."

वडिलांना तपासून डॉक्टरांनी विचारलं, हे विसरणं कधीपासून? तिने वही पुढे केली. तारखा मुलीच्या अक्षरात होत्या.

आता संध्याकाळी तीही वही घेऊन मुलीशेजारी बसते. मोजे भिंतीवर आपटून परत येतात, आजचा नवा शब्द कळतो, आणि दोघी विचारात पडल्यासारखं करतात.

भेटेल त्याला ती एकच गोष्ट सांगते, तुम्हालाही सांगेल. तुमच्या घरी कुणी मोठं माणूस मुलांना काही शिकवत असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. आणि वहीची मागची पानं चाळून बघा.