उजाडायच्या आधीची तिथी

धोंडूबाईने पिशवीतून चिठ्ठी काढली, मांडीवर ठेवून तिच्या घड्या हाताने सपाट केल्या आणि ती सुंदराबाईंच्या पुढ्यात थेट कीबोर्डवर ठेवली. वर स्वतःचा हातही ठेवला. पडद्यावर 'ह' या अक्षराची रांग लागली ती थांबेचना.

"बाय, तुमच्या मिशीननी तिथी चुकवली."

सुंदराबाईंनी तिचा हात हळूच बाजूला केला, चिठ्ठी उचलली आणि चष्मा पदराने पुसून वाचली. चिठ्ठी त्यांचीच होती, महिन्याभरापूर्वी छापलेली. धोंडूबाईची सासू गेल्या वर्षी आषाढात वारली होती. यंदा तिचं पहिलं पितर. चिठ्ठीवर तिथी होती षष्ठी.

"चुकवली म्हणजे?"

"थोरला दीर सांगतो, आई पंचमीला गेली. भटजीपन तेच बोलला. आता पितरं आली तोंडावर. आमी पान ठेवायचं कवा? भलत्याच दिवशी ठेवलं तर म्हातारी उपाशीच जायची ना!"

टोकावड्याहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, अशा दोन एसट्या बदलून बाई आली होती. भांडायला आली होती तरी पिशवीत एक मोठं तवसं होतं, हातभर लांब काकडी, तेही तिने काढून टेबलावर ठेवलं. सुंदराबाईंनी मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स ठेवून घेतली आणि तिला गुरुवारी यायला सांगितलं.

"गुरुवारपर्यंत बघते मी. चूक असली तर माझीच असणार."

हे वाक्य सहज बोलल्यासारखं त्या बोलल्या खऱ्या, पण धोंडूबाई अंगणाबाहेर जाताच त्यांनी झेरॉक्सवरची तारीख पुन्हा वाचली. त्यांना भीती वाटली होती. साध्या चुकीची वाटावी त्याहून मोठी.

भातसानगरच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सुंदराबाई एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. त्या डब्याला हात लावायला कोणी धजेना. शॉक बसतो म्हणे. साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि जिला नाही म्हणता येणार नाही अशी कारकून बाई निवडून ठाण्याला शिकायला धाडली. बाई परत आली ती वेडी होऊनच. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने कोड टाइप करायची. आपण लिहिलेल्या ओळी यंत्र मुकाट्याने एकामागून एक पाळतं, आपण चुकलो तर मुकाट्याने चुकतं, याचं तिला जे अप्रूप वाटलं ते पुढे कधी ओसरलं नाही. लोक निवृत्त झाल्यावर यात्रेला जातात. सुंदराबाईंनी घरी कॉम्प्युटर आणला आणि पडवीत देव्हाऱ्याशेजारी मांडला.

तिथीचा प्रोग्राम त्यांनी चव्वेचाळिसाव्या वर्षी लिहिला होता. शहापुरातल्या एका म्हाताऱ्या भटजींकडून पन्नास वर्षांची जुनी पंचांगं मागून आणली आणि एकेका दिवसाची तिथी कॉम्प्युटरात भरली; पुढे दर वर्षी नव्या पंचांगाची भर त्या घालत गेल्या. गावाकडे कोणाचा आजोबा कधी गेला हे कोणाला नीट सांगता येत नाही. दाखल्यावर इंग्रजी तारीख असते, ती सांगितली की यंत्र तिथी सांगे. बघता बघता दोन तालुक्यांत नाव झालं. भादवा लागला की माणसं दाखले घेऊन पडवीत बसत, आणि सुंदराबाई चिठ्ठीमागे एक पैसाही न घेता छापून देत.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी तो प्रोग्राम पहिल्यापासून नव्याने लिहिला होता. जुना फक्त इंग्रजी अक्षरं छापायचा. नव्याला मराठी यायला हवं होतं. त्यासाठी साठाव्या वर्षी कॉम्प्युटरची नवी भाषा शिकल्या. जाडजूड पुस्तक आणलं, वहीत उतारे काढले. मुलगा अक्षय पुण्याहून फोनवर म्हणाला होता, "आई, आता कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" त्यावर त्या हसल्या होत्या. आता ते हसू त्यांना आठवत होतं आणि बोचत होतं.

कारण गेलं वर्षभर बारीकसारीक चुका व्हायला लागल्या होत्या. वरणात दोनदा मीठ. शेजारच्या सुनेचं नाव अगदी जिभेवर येऊन अडलेलं. दारात उभं राहून, आपण इथे कशाला आलो, हे आठवत बसणं. यातलं कोणाला काही सांगण्यासारखं नव्हतं. पण थोरली बहीण गोदू गेली दोन वर्षं स्वतःच्याच घरात पाहुणी असल्यासारखी वागत होती, "मी निघते हां आता" म्हणून रोज संध्याकाळी पिशवी भरत होती, आणि तिचीही सुरुवात मिठापासूनच झाली होती.

सुंदराबाईंनी मनाशी पक्कं केलं. घोटाळा या नव्या प्रोग्राममधला निघाला, आपल्या हातून काही गाळलं गेलं असेल, तर यंत्रावर चादर घालायची. अर्धवट डोक्याने लोकांच्या पितरांशी खेळायचं नाही.

मंगळवारी सकाळी वीज होती तेवढ्या वेळात त्यांनी सगळ्या ओळी वाचून काढल्या. दाखल्यावर वार होता रविवार. छापील पंचांगात त्या रविवारी षष्ठी. कॉम्प्युटरात भरलेली षष्ठी. चिठ्ठीवर आलेली षष्ठी. सगळं बरोबर आणि उत्तर तेवढं चूक. अकरा वाजता भारनियमनामुळे वीज गेली आणि बॅटरी टुकटुकायला लागली. त्यांनी यंत्र बंद केलं आणि वहीत डोकं घातलं. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा अर्धं पातेलं शेगडीवर सांडलं होतं.

यजमान कोंडूराव फडकं घेऊन शेगडी पुसायला लागले. धरणाच्या दारांवर त्यांनी तीस वर्षं ऑपरेटर म्हणून पाळ्या केल्या होत्या. ओरडायची सवय कामावरच संपली होती.

"अहो, मी गोदूअक्कासारखी होत चाललेय का?"

"का गो?"

"खरं सांगा."

"गोदूअक्काने दूध जाळलं तर ती म्हनते शेजारनीने जाळलं. तू निदान माझ्यावर तरी नाय ढकललंस." त्यांनी फडकं पिळलं. "जेव आधी."

सुंदराबाई जेवल्या नाहीत धड. बुधवारी दुपारी कोंडूराव तांदूळ निवडत बसले होते आणि सुंदराबाई त्यांच्यासमोर दाखल्याची झेरॉक्स घेऊन बसल्या होत्या. झेरॉक्स फिकी होती. इतके दिवस त्यांनी त्यावरची तारीख वाचली होती आणि बाकीचं वाचायची गरजच वाटली नव्हती. आता करायला दुसरं काही उरलं नाही म्हणून त्या सगळाच कागद वाचायला लागल्या, मोठ्याने, शाळेतल्या मुलीसारखं. नाव. वय. ठिकाण. मृत्यूची वेळ, पहाटे तीन वाजून दहा मिनिटं.

"म्हंजे शनिवारची रात," कोंडूराव सुपातला खडा टिपत म्हणाले.

"रविवार. इथं लिहिलंय ना."

"लिव्हलं असंल. तीन वाजता कंचा आलाय रविवार? उजाडलं कुठं होतं?"

सुंदराबाईंनी वेळेची ओळ पुन्हा वाचली.

एवढी साधी गोष्ट. पंचांगातला दिवस सूर्याबरोबर उगवतो. गावातलं शेंबडं पोरही सांगेल की कोंबडा आरवेपर्यंत कालचाच दिवस. त्या स्वतः भातशेतीच्या घरात जन्मल्या, याच हिशेबात वाढल्या. पण सरकारी कागदाचा दिवस रात्री बाराला बदलतो, आणि कचेरीतल्या खुर्चीत बसून लिहिताना त्यांनी कागदाचा दिवस धरला होता. मध्यरात्रीनंतर आणि उजाडायच्या आधी गेलेल्या प्रत्येक माणसाला यंत्र दुसऱ्या दिवशीची तिथी देत होतं.

कोडं सुटलं, पण जीव काही हलका झाला नाही. जुना प्रोग्राम वेळ विचारत असणार. सोळा वर्षं एकही तक्रार नव्हती ती उगाच नाही. नव्याने लिहिताना तो एक प्रश्न आपण विसरलो. चार महिने खपून लिहिलं आणि जे सगळ्यात महत्त्वाचं तेच गाळलं. म्हणजे झालं. अक्षय म्हणाला तेच खरं.

त्या उठल्या आणि माळ्यावरची ट्रंक काढायला सांगितली. कोंडूरावांनी सूप बाजूला ठेवलं. ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली, हिरव्या पट्ट्यांच्या लांबलचक जोडकागदावर छापलेला जुना प्रोग्राम होता, काठांना भोकं असलेला. वर निळ्या शाईत तारीख, १९९१ची, आणि खाली तेव्हाची त्यांची ऐटबाज सही.

पडवीत उजेड चांगला होता. सुंदराबाईंनी जमिनीवर कागद उलगडला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. नाव विचार. गाव विचार. तारीख विचार. बोट पुढच्या ओळीवर गेलं. तारखेवरून तिथी शोध. त्यांनी बोट मागे आणलं आणि पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मग कागदाच्या टोकापर्यंत गेल्या, गुडघ्यांवर रांगत, साठाव्या वर्षी, आणि परत आल्या.

वेळ कुठेच विचारली नव्हती.

"काय झालं?" कोंडूरावांनी विचारलं, कारण बायको जमिनीवर बसून पदर तोंडाला लावून हलत होती आणि ती हसते आहे की रडते आहे ते त्यांना कळेना.

"ही विसरलीय," सुंदराबाई सहीवर बोट आपटत म्हणाल्या. "ही! मी नाही!"

हसू ओसरल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या तिथेच पाय पसरून बसून राहिल्या. सोळा वर्षांपूर्वीची ती बाई. जिला साहेब हुशार म्हणायचे, जी एका बैठकीत दोनशे ओळी लिहायची आणि पुन्हा वाचायची नाही, जिला मीठ किती घातलं ते पक्कं ठाऊक असायचं. तिला हे सुचलं नव्हतं. तिला सोळा वर्षं सापडलंही नव्हतं. सापडलं ते या म्हातारीला, दोन दिवसांत, दूध जाळून का होईना. सुंदराबाईंना सडकून भूक लागली. त्यांनी धोंडूबाईचं तवसं कापलं आणि तिखटमीठ लावून अर्धं एकट्यानेच संपवलं.

वीज आल्यावर त्यांनी नव्या प्रोग्राममध्ये प्रश्न घातला. 'मृत्यूची वेळ' असं आधी लिहिलं, मग खोडलं. कोणत्या गावात म्हातारा घड्याळ बघून जातो? त्याऐवजी त्यांनी लिहिलं, 'उजाडलं होतं का?' खाली 'हो' आणि 'नाही'. उत्तर नाही आलं तर एक दिवस मागे. काम पाच ओळींचं होतं. त्या ओळी त्यांनी हळूहळू लिहिल्या आणि प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

जुन्या चिठ्ठ्यांची वही त्यांनी कपाटातून काढून ठेवली. त्यातल्या प्रत्येकाला आता हा प्रश्न विचारायला लागणार होता, काहींची माफीही मागायला लागणार होती. बरीच वर्षं पुरेल एवढं काम होतं, आणि ते आपल्याला जमणार याबद्दल त्यांना शंका वाटली नाही.

गुरुवारी धोंडूबाई आली. यंत्राने विचारलं, सुंदराबाईंनी वाचून दाखवलं, आणि धोंडूबाई पडद्याकडे बघत यंत्रालाच म्हणाली, "नाय रे बाबा, कुठं उजाडलं होतं! अंधारगुडुप होता." छापयंत्र घरघरलं. पंचमी.

धोंडूबाईने कागद उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, तरी पाहिला. मग घडी घालून पिशवीत ठेवला.

"मंग चुकी कोनाची होती, बाय?"

"होती एक बाई कचेरीत," सुंदराबाई म्हणाल्या. "चव्वेचाळीस वर्षांची. फार हुशार, पण घाईची."

आतून कोंडूरावांचं खोकणं ऐकू आलं.

"आन आता कुठं हाय ती?"

"गेली. केव्हाच सोडून गेली."

"बरं झालं," धोंडूबाई उठत म्हणाली. तिने पिशवी काखेत मारली आणि पायरीवरून मागे वळून बजावलं, "अशी मानसं कामाची नाय. आता समदं तुमीच बघत जा."