नळीची नवी जागा

"हात खाली सोड," डेल्बर्ट म्हणाला. "असा ताठ नको. भाजीची पिशवी धरतेस तसा सोड."

लोरीन त्यांच्या राहत्या ट्रेलरच्या पत्र्याला खांदा लावून उभी राहिली आणि तिने हात सैल सोडला. डेल्बर्टने कानावरची सुताराची पेन्सिल काढली, तिच्या मनगटाशी पत्र्यावर आडवी रेघ ओढली आणि अंगठ्याच्या टोकाशी दुसरी.

"माझ्या मापाची शवपेटी करतोयस की काय?"

"नळी ठेवायची जागा करतोय."

"मग त्यात माझा हात कशाला? अकरा वर्षांत त्या घाणेरड्या नळीला मी बोट लावलेलं नाही. लावायचा विचारही नाही."

"सरक आता. उजेड अडतोय."

ती सरकली. नवऱ्याच्या डोक्यात एखादं काम शिरलं की त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी तिला नवल वाटलं ते वाटलंच, कारण मोडायला काढलेली जुनी जागा डेल्बर्टचा अभिमान होती.

त्या चाकांवरच्या घराच्या पोटात दोन टाक्या, एक संडासाची आणि एक मोरीची. त्या भरल्या की जाड नळी जोडून जमिनीतल्या गटाराच्या तोंडात मोकळ्या करायच्या आणि नळी धुऊन परत ठेवायची. ती ठेवायची कुठे, यावर वाळवंटातल्या त्या ट्रेलरच्या तळावरचे म्हातारे रोज संध्याकाळी तासभर तरी बोलत. घरात घेववत नाही, पिण्याच्या पाण्याच्या नळीशेजारी ठेवायची सोय नाही, आणि कारखान्यातून येणारी जागा हमखास चुकीची. मग जो तो आपली अक्कल चालवी. डेल्बर्टने कुंपणाचा पांढरा प्लास्टिकचा पोकळ खांब आणून मागच्या बंपरखाली आडवा बसवला होता. सोळा फुटांची अख्खी नळी आखडून त्यात सरळ जाई. झाकण असं घट्ट आट्याचं की शेजारच्या हॉवीने दोन्ही हात लावूनही ते फिरलं नव्हतं. डेल्बर्टने उत्तर डकोटात धान्याच्या कोठाराची यंत्रं चौतीस वर्षं सांभाळली होती. त्याने घट्ट केलेलं काही आपोआप सैल होत नसे.

आणि आता तोच गुडघ्यांवर बसून ते नळकांडं करवतीने मधोमध कापत होता. मध्ये मध्ये थांबून धाप लागल्यासारखा श्वास घेत होता.

दहा दिवसांपूर्वी दवाखान्यातून तपासणीच्या निकालाचा फोन आला तेव्हा तो फोन घेऊन बाहेर गेला होता. कचऱ्याच्या पिंपांपर्यंत चालत गेला, तिथे बराच वेळ तळाकडे पाठ करून उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "सगळं ठीक आहे. म्हातारपण आहे म्हणाले." लोरीनला इतकं हलकं वाटलं की तिने दुपारी तीन वाजता धिरडी केली. त्याने दोन खाल्ली. उरलेली हॉवीच्या कुत्र्याला गेली.

नवी जागा तयार व्हायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉवी कॉफीचा मग घेऊन ती बघायला आला. लोरीन आत भांडी घासत होती आणि खिडकी उघडी होती.

"हे काय रे डेल? बुटक्यांसाठी केलंयस? तुला तर कमरेत वाकावं लागेल."

"लागू दे."

"आणि नळीचे दोन तुकडे? सोळा फुटांची सोन्यासारखी नळी होती!"

"जड होती."

"जड! धान्याची पोती उचललेला माणूस तू." हॉवी खदखदून हसला. "आणि झाकण कुठे गेलं? ही तर कडी आहे. अरे, हिला नुसता तळवा लावला तरी उघडतेय. माझी बायको उघडेल!"

"उघडू दे की."

"छे छे. बायकांनी नळीला हात लावायला सुरुवात केली की आपलं काय काम उरलं? आपण कशासाठी आहोत मग?"

डेल्बर्ट हसला नाही. हॉवीने कॉफीचा घोट घेतला आणि समोरच्या जागेकडे मान वळवली. ओपल आणि कार्लच्या त्या जागेत कॅनडाचं कुठलंसं जोडपं आता खुर्च्या मांडत होतं.

"ओपल गेली बहिणीकडे, कळलं ना? कार्ल वारल्यावर तीन आठवडेसुद्धा राहिली नाही. आम्ही आळीपाळीने तिच्या टाक्या रिकाम्या करत होतो, पण तिलाच लाज वाटायची. दर वेळी केक घेऊन यायची बिचारी. ट्रेलर विकला, गेली. एकट्या पडलेल्या बायकांचं असंच होतं. ट्रेलर हाकायला शिकतात, गॅस बदलायला शिकतात. पण या नळीपाशी येऊन सगळ्या अडतात."

"हो," डेल्बर्ट म्हणाला.

लोरीनच्या हातातली बशी पाण्यातच राहिली. तिने आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याचा सांधा सुजून गाठ झाली होती. गेल्या वर्षीपासून तिला लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा फिरवता येत नव्हतं.

हॉवी गेला. डेल्बर्ट आत येऊन अंथरुणावर आडवा झाला. भर सकाळी आडवा होणाऱ्यांतला तो नव्हता. त्याचा डोळा लागल्यावर लोरीन बाहेर गेली, पत्र्याला खांदा लावून उभी राहिली आणि हात सैल सोडला. तळवा बरोबर कडीवर पडला. अंगठा लावावाच लागत नव्हता. टाक्यांच्या व्हॉल्व्हच्या दांड्या त्याने लांब करून ट्रेलरच्या कडेपर्यंत आणल्या होत्या. त्यांना लाकडाच्या जाड मुठी बसवल्या होत्या, तिच्या मुठीत मावतील एवढ्याच. एक काळी रंगवलेली, एक राखाडी.

त्या सगळ्या खटाटोपात डेल्बर्टसाठी काहीच नव्हतं. त्याच्या मापाची एकही गोष्ट त्यात नव्हती.

त्याला उठवून विचारावं असं तिला वाटलं. आधी राग आला, मग भीती वाटली, मग पुन्हा राग आला. पण एकदा विचारलं की तो सांगेल, आणि सांगितलं की ते खरं होईल. ती आत जाऊन उरलेली भांडी घासत बसली.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर डेल्बर्ट अगदी सहज म्हणाला, "चल, एकदा करून बघ. गंमत म्हणून."

"काय?"

"नळी लावायची. सोपं आहे. पोरखेळ आहे."

ती गेली. त्याने शांतपणे दाखवलं. आधी हातमोजे. मग नळीचं एक टोक ट्रेलरला, तिच्या तोंडाचा कान खाचेत बसल्याचा आवाज येईपर्यंत फिरवायचं. दुसरं टोक जमिनीतल्या तोंडात, वर दगड. मग आधी काळी मूठ ओढायची, ती संडासाच्या टाकीची; टाकी पूर्ण रिकामी झाली की राखाडी, म्हणजे मोरीचं साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं. उलट कधीही नाही.

"कळलं?"

"कळलं," लोरीन म्हणाली आणि तिने आधी राखाडी मूठ ओढली.

"काळी आधी."

"अगंबाई! हो."

त्या दिवशी तिने आणखी दोन चुका केल्या. दुसऱ्या दिवशी दगड ठेवायला विसरली. तिसऱ्या दिवशी धुतलेली नळी नेऊन पिण्याच्या पाण्याच्या नळीवरच टाकली. हॉवीने ते पाहिलं आणि ओरडला, "डेल, आज माझ्यासाठी तुमच्याकडची कॉफी नको रे बाबा!" डेल्बर्टने न रागावता पिण्याची नळी उकळत्या पाण्याने दोनदा धुतली आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्यात एवढा धीर असेल असं लोरीनला इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं. पोरांना सायकल शिकवताना तर तो दुसऱ्याच दिवशी चिडला होता.

त्याचा तो धीर तिला सोसवत नव्हता, तरी ती चुकत राहिली. तिला येत नाही तोवर त्याला इथे राहणं भाग आहे, एवढाच एक वेडा हिशेब तिने मनाशी धरला होता. त्याच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने नवं भोक पाडलेलं तिने पाहिलं होतं. रात्रीच्या जेवणातला मांसाचा तुकडा तो कागदात गुंडाळतो, हेही पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी टाक्या खरोखरच भरल्या होत्या. डेल्बर्टने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. आज त्याला उभं राहवत नव्हतं.

"आज मी हात लावणार नाही. तूच कर."

लोरीनने हातमोजे घातले, नळी ट्रेलरला लावली, अर्धीच फिरवली आणि सरळ काळ्या मुठीला हात घातला.

"थांब! कान बसलेला नाही. सगळं अंगावर येईल."

"कुठला कान?"

"अगं, चार दिवस सांगतोय!"

"मला नाही कळत ही यंत्रं. उद्या बघू. घाई काय आहे?"

"घाई आहे!" डेल्बर्ट ओरडला. तो बादलीवरून अर्धवट उठला, तोल गेला, तसा पत्र्याला धरून पुन्हा बसला. "मला वेळ नाहीये गं, लोरीन. वेळच नाहीये मला."

समोरच्या कॅनडाच्या बाईने वळून पाहिलं आणि ती चटकन आत निघून गेली.

लोरीनने मुठीवरचा हात काढला.

"किती?"

"मार्चपर्यंत म्हणाले." तो जमिनीकडे बघत होता. "तेवढं चालेलच असंही नाही. यकृतात गेलंय."

"ऑपरेशन?"

"नाही होत. मी दोनदा विचारलं."

"आणि मला सांगितलंस, म्हातारपण."

"सांगितलं." त्याने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "ओपलसारखं तुला पळावं लागू नये म्हणून. तुला इथे आवडतं. सकाळी उठून तू त्या डोंगराकडे बघत बसतेस ते मला ठाऊक नाही का? एका नळीपायी तू जाऊन कुणाच्या तरी घरी तळघरातल्या खोलीत राहायचं? मला ते नको होतं. बास."

लोरीनने नळी सोडवली आणि पुन्हा लावली. कान बसल्याचा आवाज आला. दुसरं टोक जमिनीत घालून वर दगड ठेवला. नळीला कुठे झोळ पडलाय का ते पाहिलं आणि पडला होता तिथे खाली लाकडाचा तुकडा सारला. ही युक्ती डेल्बर्टने तिला कधी दाखवली नव्हती. काळी मूठ ओढली. आवाज थांबेपर्यंत थांबली. राखाडी ओढली. दोन्ही मुठी आत ढकलून तिने नळी सोडवली, एका टोकापासून हात-हात वर उचलत आतलं पाणी गटाराकडे नेलं, धुतली, दोन्ही तुकडे नळकांड्यांत सारले आणि तळव्याने कडी लावली. मधे एकदाही थांबली नाही. तो अकरा वर्षं जसं करत आला होता, अगदी तसंच.

डेल्बर्ट तिच्याकडे बघत राहिला.

"तुला येत होतं."

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. खिडकीतून दुसरं दिसतं काय मला?"

हॉवीच्या ट्रेलरमधून रेडिओवर हवामानाच्या बातम्या चालू होत्या. सबंध आठवडा कोरडा जाणार होता. लोरीनने हातमोजे काढून कुंपणाच्या तारेवर वाळत घातले. मग त्याच्याकडे पाठ करून ती तारेशीच उभी राहिली.

डेल्बर्ट म्हणाला, "कडी नीट लागली नाही."

लोरीनने वळून पाहिलं. कडी पार आत, टोकापर्यंत बसली होती. तो बसला होता तिथून ती सरळ समोर दिसत होती.

"नाही का?" ती म्हणाली.

"नाही. उद्या पुन्हा एकदा करावं लागेल सगळं."

"बरं."

ती त्याच्याजवळ आली, एक हात त्याच्या काखेत घातला, आणि दोघं सावकाश पायरी चढून आत गेली.