डावा रकाना, उजवा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी मापवही आहे. कागदाची नव्हे, संगणकातली. माझ्यावर धूळ बसत नाही, माझी पाने पिवळी पडत नाहीत, त्यामुळे माझे वय कुणाच्या लक्षात येत नाही. एकटेपणा मात्र मलाही येतो.

मला घडवले एका भाच्याने, आपल्या मावशीसाठी. मावशी शिवणकाम करायची. तयार कपडे ज्यांना बसत नाहीत अशी माणसे तिच्याकडे येत. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक पाय आखूड. मावशी प्रत्येक माप दोनदा घ्यायची, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. "दोन्हीकडून सारखा माणूस मी अजून बघितला नाही," असे ती म्हणायची. म्हणून भाच्याने सात रविवार तिच्या शिलाई मशीनशेजारी बसून मला दोन-दोन रकाने दिले. खांदा, बाही, पाय, प्रत्येकाचा डावा वेगळा, उजवा वेगळा. दिसायला मी यथातथाच होते, पण कामाला चोख.

नऊ वर्षे मावशीचे माझ्यावाचून पान हलत नसे. माझे पहिले पान तिच्या नवऱ्याचे होते. त्यांचा एक हात दुसऱ्याहून आखूड होता. ते वारल्यानंतरही ती अधूनमधून ते पान उघडायची. लिहायची काही नाही. दोन्ही बाह्यांचे आकडे थोडा वेळ पाहायची आणि मिटायची. मला याहून मोठा मान कधी मिळाला नाही.

मग भाच्याला वाटले, एवढी गुणाची वस्तू घरातच का ठेवायची? त्याने मला ॲपच्या बाजारात मांडले. काय सांगू तिथली तऱ्हा! माझ्या डाव्या अंगाला एक रंगीबेरंगी ॲप होते, ते उघडले की नाव-पत्ता विचारायचे आणि बंद पडायचे. उजवीकडचे नुसती बेरीज-वजाबाकी करायचे, वर चित्र तेवढे कात्रीचे. पलीकडे एक खरोखर गुणी ॲप होते, पण त्याचा निर्माता कधीच ते सोडून गेला होता, आणि त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते. आम्ही सगळी एकाच फळीवर, सारख्याच चौकोनात. नाव मोठे नि लक्षण खोटे असलेल्यांना पाच-पाच तारे. मला एक. खाली कुणीतरी लिहिले होते, "सगळे रकाने दोनदा आले आहेत. चूक सुधारा."

भाचा मनाने हळवा. ऑफिसात डबा खाताना तो असे शेरे वाचायचा आणि डबा अर्धाच मिटायचा. शेवटी एका दुपारी त्याने माझे दोन्ही रकाने एक केले. आत भरलेल्या मापांचे काय करायचे? डाव्या-उजव्याची सरासरी काढून तीच जुन्या आकड्यांच्या जागी लिहायला त्याने मला सांगितले. मावशीला विचारावे हे त्याच्या ध्यानातही आले नाही. नवी आवृत्ती तिच्या संगणकात आपोआप उतरली. मी काय करणार? सांगितले तसे वागणे हाच माझा धर्म.

त्याच आठवड्यात मावशीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या, निवृत्त पोस्टमनच्या मुलीने वडिलांसाठी गुपचूप कोट शिवायला सांगितला. वर्षानुवर्षे टपालाची थैली वाहून त्यांचा एक खांदा खाली उतरला होता. मावशीने माझे पान उघडले. दोन्ही खांद्यांना एकच आकडा पाहून ती जरा थबकली. आता खांद्यावरची थैली गेली आहे, तर खांदा वर आला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तिचा माझ्यावर स्वतःच्या डोळ्यांहून जास्त विश्वास होता. तिने कापड कापले.

कोट घालून पोस्टमन आरशासमोर उभे राहिले. एका बाजूला चुण्या, दुसऱ्या बाजूला ताण. "छान आहे," ते म्हणाले आणि कोट अलगद उतरवून ठेवला. त्यांच्या त्या भल्या बोलण्याने मावशीचा चेहरा पडला.

रविवारी भाचा आला. सगळे ऐकून तो ओशाळला.

"मावशी, रकाने मी परत दोन करतो. पण जुने आकडे नाही येणार गं. सगळ्यांची मापं परत घ्यावी लागतील."

"घेईन की. येतील सगळे," मावशी म्हणाली. मग तिने पहिले पान उघडले. "आणि तुझ्या काकांचं?"

"त्यांचा एखादा सदरा असेल ना कपाटात?"

"सगळे देऊन टाकले मी. म्हटलं, माप आहे वहीत."

भाच्याने रकाने पुन्हा दोन केले, पण मावशी आता दोनशे पानी वहीत पेन्सिलीने मापे लिहिते. मला उघडत नाही. बाजारात मात्र माझे नशीब फळफळले. सरासरीच्या त्या चार दिवसांत मला भरभरून तारे मिळाले, आणि हजारो संगणकांत मी न उघडलेली पडून आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू सुधारण्याआधी, ती रोज वापरणाऱ्या माणसाला एकदा विचारा. तारे देणारे पुढे निघून जातात. काकांचा एक हात आखूड होता, एवढे मला मावशीच्या बोलण्यामुळे ठाऊक आहे. नेमका किती, हे तिने नऊ वर्षे फक्त माझ्याजवळ ठेवले होते, आणि मला ते आठवत नाही.