शेळी काढा, लांडगा घाला

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, सात रस्त्याजवळच्या एका कॉलेजात, अवधूत सरांनी सुकन्याच्या कथेतून शेळी काढून टाकली. लाल पेनाने, एका रेघेत.

कथावाचनाचा विषय होता 'संकट'. सरांनी महिनाभर फळ्यावर पात्र, प्रतीक, उपरोध शिकवून झाल्यावर प्रत्येकाला घरातलंच एखादं संकट लिहून आणायला सांगितलं. वळसंगच्या सुकन्याने आजी-आजोबांचं लिहिलं. दुष्काळाचं साल. मायाप्पा आणि केराबाई मेंढरं घेऊन होटगीकडच्या रेल्वे फाटकाजवळ उतरलेले. मुलखात हिरवं पान नाही. फाटकवाल्याने हिरवं निशाण धुऊन कठड्यावर वाळत घातलेलं. कळपातल्या शेळीने ते खाल्लं. गाडी आली, निशाण दिसेना म्हणून थांबली. शेवटी केराबाईने आपल्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून हलवला, तेव्हा कुठे गाडी हलली.

"सुकन्या, प्रतीक असं वाचकाच्या टाळक्यात हाणायचं नसतं," सर म्हणाले. "सगळ्या मुलखात हिरवं पान नाही, आणि शेळी नेमकं हिरवं निशाणच खाते? लेखिकेने मुद्दाम ठेवलंय, लगेच कळतं."

"मी न्हाय ठेवलं, सर. फाटकवाल्यानं ठेवलं, शेळीनं खाल्लं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"घडलेलं सगळंच खरं वाटतं असं नाही. ते असू दे. आजोबा लंगडतात असं लिहिलंयस, ते कशाने?"

इथे सुकन्याने गप्प बसायला हवं होतं. "गावात सांगत्यात, लांडग्यानं पाय धरला म्हणून."

"अगं, मग कथा ही आहे! लांडगा म्हणजे संकट, पाय म्हणजे मोजलेली किंमत. हे लिही. शनिवारी पहिलं वाचन तुझंच."

पाय लांडग्याने धरला नव्हता. शेळीच्या तोंडातलं निशाण ओढायला मायाप्पा रुळाच्या कडेने धावला आणि खडीवरून घसरून पडला. पण आपल्याच शेळीमागे पळताना पाय मोडला, हे गावात येऊन कोणता धनगर सांगेल? त्याने लांडगा सांगितला. वळसंगने मानला. खरं नवरा-बायकोलाच ठाऊक होतं, आणि कथा लिहायची म्हणून मागे लागलेल्या नातीला आजीने परवाच सांगितलं होतं.

संध्याकाळी मायाप्पाच्या कानावर बातमी गेली, तसा तो काठीशिवाय उभा राहिला.

"लांडगा? कालिजात वाचणार? बाय, एक न्हवता. दोन हुते."

बिरोबाच्या देवळापर्यंत पोचेतो ते तीन झाले. शनिवारी सगळी गल्ली ऐकायला येणार, शिवयोगीचा टेम्पो सांगितला, असं ठरवूनच मायाप्पा आबा परतला.

केराबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. "सुके, त्या लांडग्याच्या गोष्टीत मी कुटं हाय?"

"तू पालात हायस. वाट बघतीस."

"कुणाची?"

"आबांची."

"त्यापरीस ती शेळी बरी. तिनं निदान खाल्लं तरी."

"आज्जी, सर म्हणत्यात, ते खरं वाटत न्हाय."

"सराचं लुगडं फाटलं न्हाय. आख्खी गाडी माझ्या पदरावर हालली, डायवरनं मला हात केला, आन् मी वाट बघती?"

"पण शेळीमागं पळताना पाय मोडला म्हटलं, तर भर सभेत आबांची अब्रू जाईल की!"

केराबाईने भाकरी उलटली. "एवढी वर्सं त्यांचा लांडगा मीच पोसला की गं. आता म्हातारा झालाय तो. जाऊ दे रानात."

शनिवारी सुकन्याच्या पिशवीत दोन कथा होत्या. सरांना वाटत होतं, एकच आहे, लांडग्याची.

सभागृहात पहिल्या रांगेत मायाप्पा बसला होता, लाल पटका, गुडघ्यांमध्ये काठी. त्याच्या मागे टेम्पोभर वळसंग. देवळापुढे ज्यांनी तीन लांडगे ऐकले होते, ते चौथ्याच्या तयारीने आले होते. शेजारी केराबाई. तिच्या मांडीवर बोचकं होतं आणि बोचक्याच्या तोंडातून हिरवा काठ डोकावत होता. सुकन्याने तो ओळखला. पेटीच्या तळाशी ठेवलेलं, पदर नसलेलं लुगडं.

सरांनी माईकवर सांगितलं, "आता ऐकू या, वास्तवाचा अस्सल नमुना."

सुकन्याने पहिलं पान वाचलं. ते सोपं होतं, दुष्काळ दोन्ही कथांत सारखाच होता. कोरड्या विहिरी झाल्या, रिकामं रान झालं, फाटकाजवळचं पाल झालं. पुढच्या पानावर एकीत लांडगा येत होता आणि दुसरीत शेळी. तिने वर पाहिलं.

"थांबलीस का, बाय?" मायाप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "सोड की लांडगा!"

मागून कोणीतरी शिट्टी वाजवली. कोपऱ्यात उभ्या सरांनी समाधानाने मान हलवली, चालू दे.

केराबाई नातीकडे बघत होती आणि तिची बोटं बोचक्याच्या गाठीवर होती. गाठ घट्ट होती.

अकरा वाजून वीस मिनिटांनी सुकन्याच्या हातात दोन्ही पानं होती, आणि केराबाईने ती गाठ दातात धरली होती.